गाडीच्या रंगाचा टवका: पावसाळ्याआधी घरच्या घरी कसा बुजवायचा

पत्रादेवी ते पोळे या हायवेवर रोज जाणाऱ्या कुठल्याही गाडीचं बोनेट उन्हात जरा तिरकं होऊन बघा, नाकाच्या बाजूला बारीक बारीक टवके दिसणारच. पुढे खडीचा नाहीतर चिऱ्यांचा टिप्पर चाललेला असतो, ताडपत्री असली तर अर्धी उडत असते, किंवा कुठेतरी नुकतंच हॉटमिक्स केलेलं असतं आणि सुटी खडी तशीच रस्त्यावर पडलेली असते. टक्क आवाज येतो, आपण चार शब्द हासडतो आणि पुढे जातो. घरी येऊन बघितलं तर दोन मिलिमीटरचा टवका. बरेच जण म्हणतात जाऊ दे, एवढ्याशासाठी कोण गॅरेजला जाणार. आणि काही जण एकदम दुसऱ्या टोकाला जाऊन अख्खं बोनेट रंगवून आणतात.

मला दोन्ही पटत नाही. टवका तसाच सोडला तर गोव्याच्या हवेत त्याचा गंज व्हायला एक पावसाळा पुरतो. आणि अख्खं बोनेट रंगवलं म्हणजे कंपनीचा चांगला रंग घासून टाकून त्या जागी गॅरेजचा रंग घेतला. कंपनीत रंग साधारण १४० डिग्रीला भट्टीत भाजलेला असतो, तो कडकपणा गल्लीतल्या गॅरेजमध्ये येत नाही. त्यामुळे जेवढा टवका तेवढंच काम करायचं आणि आजूबाजूचा कंपनीचा रंग जमेल तेवढा वाचवायचा. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका हिशोबाने लिहिलंय.

आधी थर समजून घ्या

पत्र्यावर सगळ्यात खाली ई-कोट असतो, अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने बसवतात, गंजापासून खरं रक्षण हाच थर करतो, जाडी साधारण २० मायक्रॉन. त्यावर राखाडी किंवा पांढरट प्रायमर (काही नव्या कारखान्यांत हा वगळतात), मग बेस कोट म्हणजे आपण ज्याला गाडीचा कलर म्हणतो तो, आणि सगळ्यात वर ४०-५० मायक्रॉनचा क्लिअर कोट. चमक आणि उन्हापासून बचाव या क्लिअर कोटचा. सगळं मिळून १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढं. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे घासायची वेळ येईल तेव्हा हात आपोआप हलका पडेल.

गंजाचं काम सोपं आहे, लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की सुरू. मीठ असलं की तेच काम कितीतरी जोरात होतं, म्हणून मिरामार, वास्को, कळंगुट असल्या समुद्राला लागून असलेल्या भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना जास्त सांभाळावं लागतं. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला आता जस्ताचा थर असतो, तो लोखंडाच्या आधी स्वतः झिजतो आणि थोडा वेळ मिळवून देतो, पण जोरात बसलेली खडी तोही थर फोडते. गंज जिथे सुरू झाला तिथेच थांबत नाही हे सगळ्यात वाईट, तो रंगाच्या खालून सरकतो. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला बोनेटच्या पुढच्या कडेला एक टवका होता, वरून बघाल तर उडदाच्या दाण्याएवढा. बाजूचा रंग किंचित फुगल्यासारखा वाटला म्हणून नखाने हलकं टोचलं तर रंगाची खपली सरळ निघून आली आणि खाली दिसत होतं त्याच्या तिप्पट जागेत तांबूस भुकटी.

टवका किती खोल आहे

गाडी शाम्पूने स्वच्छ धुवा, सुकवा, आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून एकेक टवका बघा. नखाला लागतच नाही, नुसता पांढरट डाग आहे, तर फक्त क्लिअर कोट खरवडलाय, पॉलिशने बहुतेक जाईल. खड्डा आहे आणि तळाला राखाडी दिसतंय तर प्रायमर शाबूत आहे, म्हणजे नशीब, फक्त कलर आणि क्लिअर भरायचं. तळाला चकचकीत पत्रा किंवा तपकिरी काही दिसतंय तर पूर्ण काम आहे. पुढचा बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे तळाला काळं दिसतं, तो गंजत नाही, त्यामुळे त्याची घाई करू नका.

गोव्यात दोन गोष्टींनी हमखास घोटाळा होतो. एक म्हणजे आपली तांबडी माती, टवक्यात जाऊन बसते आणि हुबेहूब गंजासारखी दिसते. जुना टूथब्रश आणि साबणपाणी घेऊन घासा, माती असेल तर निघून जाते, गंज असेल तर तपकिरी रंग तसाच राहतो. दुसरं म्हणजे डिचोली, साखळी, सावर्डे, धारबांदोडा या खाणपट्ट्यातून जाणाऱ्या गाड्या, पांढऱ्या गाड्यांवर तर विशेष, अंगभर बारीक नारिंगी ठिपके दिसतात. ते टवके नसतात, लोखंडाची बारीक धूळ क्लिअर कोटला चिकटून तिथेच गंजलेली असते. आयर्न रिमूव्हर (लोखंडाची धूळ विरघळवणारा स्प्रे) मारला की त्यातून जांभळा रस ओघळायला लागतो, मग भरपूर पाण्याने धुवायचं, उरलेलं क्ले बारने, म्हणजे रंगावरून फिरवायच्या चिकणमातीसारख्या मऊ वडीने काढायचं. असल्या ठिपक्यांवर टच-अप लावत बसू नका.

कधी करायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम, हवा कोरडी असते. तेव्हा नाही जमलं तर एप्रिल-मे, पण पहिला पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो हे धरून निदान पंधरा दिवस आधी संपवा. भर पावसाळ्यात रंग लावू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि क्लिअर दुधासारखा पांढरट पडतो. गॅरेजवाले पण जुलैत याच गोष्टीला वैतागलेले असतात.

मग पावसाळ्यात टवका उडाला तर? जागा स्वच्छ करा, हेअर ड्रायरने कोमट हवा मारून पूर्ण सुकवा आणि बिनरंगाच्या नेलपॉलिशचा एक थेंब टाकून ठेवा. चवथ होऊन पाऊस ओसरला की ते खरवडून काढून नीट काम करायचं. ही तात्पुरती सोय आहे, पण पत्रा उघडा ठेवण्यापेक्षा शंभर पटीने बरी. घरातली रंगीत नेलपॉलिश मॅच होतेय म्हणून लावू नका, उन्हात तिचा रंग बदलतो आणि मग तो डाग लांबूनही कळतो.

सामान

पहिली गोष्ट कलर कोड. 'पांढरा द्या' म्हणून दुकानात गेलात तर मिक्सिंगवाला तुम्हाला परत पाठवेल, 'दादा, कोड घेऊन या', आणि त्याचं बरोबरच आहे, एकाच कंपनीत चार-पाच पांढरे असतात. मारुतीचा साधा सुपिरिअर व्हाईट २६यू, पर्ल आर्क्टिक व्हाईटचा कोड वेगळा, दोन्ही शेजारी उभे केले की फरक कळतो. कोड बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा इंजिनजवळच्या प्लेटवर असतो, स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये बरेचदा डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यापाशी. कोड मिळाला की कंपनीची टच-अप बाटली मागवा, नाहीतर म्हापसा, मडगाव, फोंड्यात ऑटो पेंट मिक्स करून देणारी दुकानं आहेत तिथून थोडा बनवून घ्या. थोडा म्हणजे खरंच थोडा, ५० मिली पण तुम्हाला वर्षानुवर्षं संपणार नाही.

बाकी सामान असं: आयसोप्रोपिल अल्कोहोल, पत्र्याला चालणारा प्रायमर छोट्या बाटलीत, क्लिअर, गंज असेल तर रस्ट कन्व्हर्टर (उरलेल्या गंजाला जागीच निष्क्रिय करणारं रसायन), बारीक टोकाची टूथपिक किंवा चित्रकलेचा ००० नंबरचा ब्रश, मास्किंग टेप, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा, नंबर जेवढा मोठा तेवढा बारीक), रबिंग कंपाऊंड, पॉलिश, वॅक्स, दोन-तीन मऊ मायक्रोफायबर. बाटलीसोबत जो ब्रश येतो तो बाजूला ठेवा, दोन मिलिमीटरच्या टवक्याला तो झाडूच आहे.

क्लिअर घेताना एक सावधगिरी. दुकानदार टू-के म्हणजे हार्डनर मिसळायचा क्लिअर देऊ करेल, तो टिकाऊ असतो यात शंका नाही, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याची वाफ-फवारा फुफ्फुसांना फार वाईट, योग्य मास्कशिवाय घरी त्याचा स्प्रे अजिबात नको. टवक्यापुरतं काम वन-के, म्हणजे हार्डनर न मिसळता सरळ बाटलीतून लावायच्या क्लिअरने होतं.

प्रत्यक्ष काम

गाडी सावलीत घ्या, आणि सावली म्हणजे माडाखाली नको. बोनेटला हात लावून बघा, गार लागलं पाहिजे. दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर तास-दोन तास थांबा, गरम पत्र्यावर रंग वरून चटकन सुकतो आणि आत ओला राहतो.

आधी टवक्याची कड. रंगाचे सुटे पोपडे टूथपिकने किंवा सुईच्या टोकाने अलगद काढा, जे हलतंय ते सगळं निघालंच पाहिजे, नाहीतर नवीन रंग त्या सुट्या पोपड्यावर बसेल आणि दोघे मिळून उडतील. टवका थोडा मोठा झाला तरी चालेल.

गंज असेल तर खरी मेहनत इथे आहे, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. पेन्सिलच्या मागच्या टोकाला वॉटर पेपरचा गोल तुकडा चिकटवा किंवा फायबरग्लासचं पेन मिळतं ते घ्या, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि फक्त खड्ड्याच्या आत घासा, उजळ पत्रा दिसेपर्यंत. छिद्रांत बारीक काळे-तपकिरी ठिपके राहिलेच तर रस्ट कन्व्हर्टरचा एक थेंब टूथपिकने आत सोडा, बाटलीवर लिहिलेली वेळ पाळा, धुवायचं की नुसतं सुकवायचं तेही बाटलीवरच बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. बाजूच्या रंगावर सांडला तर लगेच पुसा.

मग अल्कोहोलने पुसून घ्या. वॅक्स, सिरॅमिकचा थर, हाताचं तेल, काहीही राहिलं तर रंग धरणार नाही. आणि यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही.

पत्रा उघडा असेल तर प्रायमर. टूथपिकच्या टोकावर जेमतेम थेंब, पत्रा झाकला जाईल एवढाच, खड्डा भरायचा नाही. अर्धा-एक तास सुकू द्या. राखाडी थर शाबूत असेल तर ही पायरी सोडून सरळ कलरवर या.

कलरची बाटली दोन-तीन मिनिटं हलवा, आतली गोळी वाजत राहिली पाहिजे, मेटॅलिक असेल तर जास्तच. आधी एका व्हिजिटिंग कार्डावर लावून, सुकवून, वर क्लिअर मारून गाडीशेजारी धरून बघा. ओला रंग आणि सुकलेला रंग वेगळा दिसतो, क्लिअर पडल्यावर आणखी गडद होतो, आणि आपली गाडी इतकी वर्षं उन्हात उभी असल्यामुळे तिचा रंगही थोडा उतरलेला असतो, लाल रंगाला तर जास्तच.

आता थेंब. टूथपिकचं टोक बाटलीत बुडवा, कडेला पुसून घ्या, आणि टोक खड्ड्याच्या मधोमध नुसतं टेकवा. फिरवायचं नाही, रंगवायचं नाही. थेंब आपला आपण खाली उतरतो, क्षणभर मध्ये फुगीर राहतो आणि मग हळूहळू कडेपर्यंत सरकून खड्ड्याच्या भिंतीला चिकटतो. तो कडेला पोचला की हात मागे घ्या. वर ओघळला तर ओला असतानाच अल्कोहोल लावलेल्या कापडाच्या कोपऱ्याने टिपा. २०-३० मिनिटांनी बघितलं तर रंग आत बसलेला दिसेल, कारण थिनर उडून गेला. मग दुसरा थेंब, मग तिसरा. एकाच थेंबात भरायला गेलात तर वर साय धरते, आत ओलं राहतं आणि महिन्याभराने मध्ये खळगा पडतो. कलर आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली राहिला की थांबा, वरची जागा क्लिअरची.

क्लिअर पण असाच थेंबाथेंबाने, दोन-तीन वेळा, शेवटी आजूबाजूपेक्षा अगदी किंचित वर उठलेला दिसला पाहिजे. झालं, आता गाडी निदान दोन-तीन दिवस धुवायची नाही, आणि घासण्याआधी आठवडाभर थांबलात तर उत्तम. वन-के हळूहळू कडक होतो.

घासणं, म्हणजे धोक्याची जागा

आधी स्वतःला विचारा, घासायची खरंच गरज आहे का. पाच फुटांवरून दिसत नाहीये आणि पत्रा बंद झालाय, तर मी तरी तिथेच थांबेन. मूळ काम झालेलं आहे.

फुगवटा डोळ्याला खुपतच असेल तर छोट्या खोडरबरावर ३००० चा वॉटर पेपर गुंडाळा, टवक्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे दोन-दोन थर लावा म्हणजे पेपर बाजूच्या रंगाला उगाच लागत नाही, आणि साबणपाण्याने भिजवून अगदी हलक्या हाताने, सरळ रेषेत चार-पाच फेऱ्या. पुसून बघा. पुन्हा चार-पाच. फुगवटा फारच असेल तरच २००० ने सुरुवात करा. बोनेटच्या कडेवर आणि बॉडीच्या उठावाच्या रेषेवर घासूच नका, तिथे क्लिअर आधीच पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा कलर उघडा पडतो, मग घरी काही करता येत नाही. पातळी जुळली की कंपाऊंड, मग पॉलिश, जागा परत चमकायला लागते. वॅक्स मात्र महिन्याभराने.

कलरचा थेंब ओघळून मोठा गोळा झाला असेल आणि क्लिअर अजून लावला नसेल तर एक दुसरा उपाय आहे. जुन्या एटीएम कार्डावर साधं सुती कापड ताणून गुंडाळा, त्यावर थिनरचे दोन-तीन थेंब, आणि गोळ्यावरून हलकेच एकदा सरकवा. भट्टीत भाजलेल्या कंपनीच्या रंगाला एवढ्याने काही होत नाही, ताजा रंग तेवढा पुसला जातो आणि खड्ड्यातला आत राहतो. जोर दिला तर खड्ड्यातलाही बाहेर येतो. सेकंडहॅन्ड गाडी असेल तर आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यात थिनर लावून बघा, पॅनेल कुणी पूर्वी रंगवून घेतलेलं असेल तर कापडावर रंग येईल, अशा गाडीवर हा प्रकार करू नका.

मेटॅलिक, बंपर, आणि बाकीच्या जागा

पांढरा, काळा, लाल असले साधे रंग ऐकतात. सिल्व्हर सगळ्यात त्रासदायक, कारण कारखान्यात स्प्रेने मारताना ॲल्युमिनियमचे कण सपाट बसतात आणि टूथपिकने लावताना ते कसेही पडतात, त्यामुळे एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिका असा ठिपका दिसतोच. शक्य तेवढे पातळ थर द्या आणि तेवढा फरक मान्य करा. तीन थरांच्या पर्लमध्ये कलर आणि क्लिअरच्या मध्ये आणखी एक मोत्याचा थर असतो, त्याच्या दोन बाटल्या घ्याव्या लागतात, एकीत भागवलं तर रंग जुळत नाही.

बंपरला पत्र्याचा प्रायमर चालत नाही, प्लास्टिकसाठीचा घ्या, बाकी पद्धत तीच. मागच्या चाकाच्या पुढची कड आणि दारांखालची पट्टी वाकून बघायला विसरू नका, तिथे खडी आपल्याच पुढच्या चाकाने उडवलेली असते आणि चिखलामुळे ते टवके महिनोन्महिने दिसत नाहीत. छपराची काचेवरची कडही बघा, उंच गाडी असेल तर स्टूल घ्या.

पत्रा आत दबलाय, रंग हाताएवढ्या जागेत सुटलाय, किंवा सुई आरपार जातेय एवढा गंज आहे, तर ते डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं काम. काचेला टवका असेल तर प्रकारच वेगळा, तिथे रेझिन भरतात आणि ते धूळ-पाणी आत जायच्या आत, पसरायच्या आत करून घ्यावं लागतं, तोवर वर पारदर्शक टेप लावून ठेवा. इन्शुरन्सचं म्हणाल तर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये तसेही तुमच्या खिशातून जातात, आणि वर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो, जो पाच वर्षं सांभाळला तर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. चार टवक्यांसाठी तो घालवू नका.

पुन्हा टवके पडू नयेत म्हणून करण्यासारखं थोडंच आहे, पण ते कराच. टिप्परच्या मागे चिकटून जाऊ नका, वेग दुप्पट झाला की खडीचा मार चौपट होतो, त्यामुळे चोर्ला किंवा अनमोड घाटात रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात सरळ मागे राहा, ओव्हरटेकची घाई नको. चारही चाकांना मडफ्लॅप लावा. रोजचा हायवेचा प्रवास असेल तर बोनेटच्या पुढच्या भागाला, बंपरला आणि आरशांना पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावून घेणं परवडतं. सिरॅमिक कोटिंगने दगड थांबत नाही, दुकानवाला काहीही सांगो. उरलेली कलरची बाटली झाकण घट्ट लावून, वर कोड आणि तारीख लिहून कपाटात ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवली तर मे महिन्यातच घट्ट होते.